जादूगाराचं घड्याळ आणि तेलाचा हात

एका राज्यात घड्याळं दुरुस्त करण्याची हौस असलेला राजा नांदत होता. नाव त्याचं कीर्तिध्वज. प्रधान कारभाराचं बोलू लागला की ह्याचं लक्ष भिंगाकडे आणि चिमट्याकडे. हौस दांडगी, पण हात सैल. घड्याळ उघडलं की भरपूर तेल ओतल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

एके दिवशी कालकेतू जादूगार दरबारात आला. त्याच्या कमरेचं घड्याळ पाहून राजा भर सभेत म्हणाला, "मागे पडतंय तुमचं."

जादूगाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने घड्याळ राजापुढे ठेवलं. "राजा, तुझ्या लेकीचा श्वास मी यात बांधला. हे थांबेल तेव्हा तोही थांबेल. स्वतःच्या हाताने नीट जुळवशील, तर शाप सुटेल." एवढं बोलून तो धूर होऊन खिडकीबाहेर गेला.

दुसरा कुणी असता तर त्याने आधी नीट पाहिलं असतं. राजाने मागचं झाकण उघडलं आणि तेल ओतलं! चाकं चिकटली, टिकटिक मंदावली, थांबली. शेजारी उभी असलेली राजकन्या सुरंगी जागच्या जागी दगड झाली. राजाच्या पायाखालची जमीन सरकली.

तेवढ्यात खिडकीत एक शिंपी पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला. "महाराज, रडणं मागाहून. सूर्य मावळला की हा दगड कायमचा. तीन कामं आहेत, आणि ती तुम्हालाच करायची आहेत."

"सांग."

"आधी कमानीचा, म्हणजे आतल्या गुंडाळलेल्या स्प्रिंगचा, ताण उतरवा."

राजाने किल्ली बोटांत घट्ट धरली, खटका बाजूला केला आणि ती जरा जरा मागे फिरू दिली. कमान एकदम सुटती तर चाकांचे दात गेले असते. एकही दात मोडला नाही, पहिलं काम झालं.

"आता सगळं सुटं करून धुवा. बोट लावू नका."

राजा चिमट्याने एकेक भाग उचलून मद्यार्कात धूत होता, सुकवून काचेच्या वाटीखाली झाकत होता. इतक्यात तिळाएवढा एक स्क्रू टुणकन उडाला. अख्खा दरबार गालिच्यावर रांगू लागला. सेनापतीने लोहचुंबक आणलं, तसा पक्षी ओरडला, "ते घड्याळापासून लांब!" शेवटी स्क्रू प्रधानाच्या पगडीत सापडला.

"आता तेल. चाकांचे कणे ज्यांवर फिरतात ते माणकाचे बारीक खडे आहेत, त्यांनाच द्या. सुईच्या टोकावर राहील तेवढंच. दातांना नाही."

राजाने तेलाची कुपी उचलली. "एवढ्याने काय होणार? लेक आहे माझी!"

"लेक आहे म्हणूनच, महाराज."

राजाने मन घट्ट करून तेवढंच तेल दिलं आणि कुपी बंद केली. मग चाकं बसवली, स्क्रू आवळले.

घड्याळ चालेना.

सूर्य डोंगराला टेकला. लेकीशेजारी बसलेल्या राणीने तोंडाला पदर लावला. राजाचा हात आपोआप कुपीकडे गेला, पण त्याने तो मागे घेतला. भिंग डोळ्याला लावून पुन्हा पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "अरे, किल्लीच दिली नाही!"

किल्ली फिरली. टिक. टिक. टिक. दगडाचा रंग उतरला, गालांवर लाली आली, आणि सुरंगीने दीर्घ श्वास घेतला. "आबा, चाललं का ते?"

राजाने तिला कवटाळलं. तो हसत होता, रडत होता, घड्याळाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

पुढे एका सकाळी त्याला ते घड्याळ बंद दिसलं. राजाच्या काळजाचा ठोका चुकला. भिंग, चिमटा टाकून तो अनवाणी धावत सुटला. बागेत सुरंगी मैत्रिणींबरोबर फुगडी घालत होती, आणि दम लागला तरी थांबत नव्हती.

त्या राजाचा जीव जसा भांड्यात पडला, तसाच ऐकणाऱ्या सगळ्यांचा पडो.