चादरीची दोन टोकं

“...पण बुवा, त्या रखमाजीत असं काय आहे, जे माझ्यात नाही?”

भानुबुवा वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आजची कितवी एकादशी तुझी?”

“चोविसावी.” श्रीकंठला आठवावं लागलं नाही.

गिरणेकाठच्या त्या मठात एक रीत होती. दर एकादशीला शिष्यांनी आपली नवी रचना, नाव न घालता, देव्हाऱ्याजवळच्या परडीत टाकायची. दिवेलागणीला बुवा त्यातली एक उचलून वाचत. ती कर्त्याच्या नावानं मठाच्या वहीत जाई. बाकीच्या दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला घेत.

श्रीकंठ काशीला बारा वर्षं वृत्तं आणि अलंकार शिकून आला होता. चंद्र, गंगा, ब्रह्म... काही म्हणून त्यानं सोडलं नव्हतं. वहीत त्याची एकही ओळ नव्हती.

रखमाजी मठाचे कपडे धुणारा परीट. ऱ्हस्वदीर्घ दुसऱ्याला विचारून लिहायचा. वहीत त्याच्या सात रचना होत्या. सातवी होती ओल्या मिठाच्या बरणीवर, आणि ती वाचताना बुवांचे डोळे भरून आले होते. मिठाच्या बरणीवर! त्या रात्री श्रीकंठला झोप लागली नव्हती.

“चूल मात्र छान पेटते हो तुझ्या शार्दूलविक्रीडितानं,” बुवा म्हणाले.

“थट्टा करा. पण आज माझी रचना वाचली गेली नाही, तर मी मठ सोडणार.”

“सोड. जाण्याआधी एक सांग. रखमाजी आत्ता काय करत असेल?”

“काय करणार? चादरी वाळत घालत असेल.” श्रीकंठचा आवाज चढला. “त्यातही सोंगं! परवा दोरीवरून एक मुंगळा चालला होता. तो पलीकडे पोचेपर्यंत हा ओली चादर खांद्यावर घेऊन उभा. धोतर भिजून पाणी पायांवर गळतंय, आणि हा आपला मुंगळ्याकडे बघतोय.”

“बरं...”

“आणि घड्या घालताना तर बघवत नाही. डाव्या हातात दोन टोकं धरतो. उरलेली दोन उजव्या हातानं पुढे करतो, कुणीतरी धरणार असल्यासारखी. समोर कुणी नसतं! तसाच उभा राहतो थोडा वेळ. मग चादर हनुवटीखाली दाबतो आणि एकटाच घडी घालतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली म्हणे, तरी सवय मोडत नाही. अकरा चादरी. अकराही वेळा तेच.”

“तू मोजल्यास?”

“मोजतोय कशाला? दिसतं.”

बुवांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

“जा,” ते म्हणाले. “तुझी रचना परडीत टाक.”

श्रीकंठनं चंद्रावरच्या चाळीस ओळी परडीत टाकल्या. सगळ्यात वर दिसतील अशा.

दिवा लागला. मंडळी पांढऱ्या चादरीवर बसली. बुवांनी परडीत हात घातला. चाळीस ओळींचा कागद बाजूला सारून तळातला एक चिटोरा काढला आणि सावकाश वाचू लागले.

“डाव्या हातात दोन टोकं.
उजव्या हातानं दोन पुढे केलेली.
समोर कुणी नाही...
मग चादर हनुवटीखाली दाबून
एकट्यानंच घातलेली घडी.
अकरा चादरी. अकराही वेळा.”



श्रीकंठच्या अंगाची आग झाली. ना वृत्त, ना यमक! परटाशिवाय चादरीवर लिहिणार कोण? स्वतःचंच दुःख परडीत टाकून लबाडानं आठवी जागा पटकावली. त्याहून संताप याचा की, त्या ओळी त्याच्या मनातून हटत नव्हत्या. या सहा ओळींसाठी काशीची बारा वर्षं कुणी मागितली असती, तर त्यानं तिथल्या तिथे देऊन टाकली असती.

रखमाजीच्या तोंडावरचा आनंद एकदा बघून घ्यावा आणि चालू लागावं, म्हणून त्यानं मान वळवली.

रखमाजीनं उपरण्यात तोंड झाकलं होतं.

“बुवा,” तो म्हणाला, “हे कुणी पाह्यलं? मला वाटायचं, तिथं मी एकलाच असतो.”

...तेव्हा कुठे श्रीकंठला सकाळचा आपलाच आवाज आठवला.

मंडळी उठून गेली. तो बुवांच्या पुढ्यात तसाच बसून राहिला.

“बुवा, हे मी लिहिलेलं नाही.”

बुवांनी चिटोरा वहीत ठेवला.

“मी... मी तर जळून बोललो होतो सगळं.”

बुवांनी वही मिटली.

रखमाजी बैठकीची चादर उचलत होता. त्यानं ती झटकली. डाव्या हातात दोन टोकं घेतली. उजवा हात पुढे झाला, आणि तिथेच थांबला.

श्रीकंठ बघत होता.

“किती बघशील, श्रीकंठा?” बुवा म्हणाले. “टोकं धर.”