नावेचा सोळावा हिस्सा

एक होतं गाव, आणि त्या गावाला कायमची आडवी आलेली एक नदी. बाजार पलीकडे, वैद्य पलीकडे, लेकींची सासरंही पलीकडे.

त्या गावात येसू कासारीण राहायची. बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती उथळ उतारातून नदी ओलांडायची. एकदा मधोमध तिचा पाय सटकला आणि वर्षभराच्या कमाईचा माल पाण्यात गेला. त्या दिवशी काठावर बसून ती जी रडली, ते गावाच्या मनातून गेलं नाही. गावाला नाव हवी ही गोष्ट तिथूनच निघाली.

पण नाव बांधणं म्हणजे काही खायचं काम नाही. एकट्याचा तो आवाकाच नव्हता. मग रुपयाचे सोळा आणे, तसे नावेचे सोळा हिस्से ठरले. जो एक हिस्सा उचलेल त्याला मासा कोरलेली एक लाकडी चकती. नाव चालवायची राणोजी नावाड्यानं. भाड्यातून त्याची मजुरी आणि दोर-डांबराचा खर्च गेला की उरेल ते दिवाळीला सोळा चकत्यांवर वाटायचं. शहरात आज अशा नावेला कंपनी म्हणतात आणि चकतीला शेअर. गाव आपलं साधंच, 'नावेचा हिस्सा' म्हणायचं.

येसूच्या दारात दोन शेळ्या होत्या. त्यांतली एक देऊन तिनं चकती घेतली.

शेजारीण म्हणाली, "अगं, दोन्ही दे की. दोन चकत्या येतील."

"आणि नाव बुडाली तर पोरांना दूध कुठलं?" येसू म्हणाली. दुसरी शेळी दारातच राहिली.

नाव चालली, आणि काय झोकात चालली! येसूच्या बांगड्या आता न भिजता, न फुटता बाजारात पोचू लागल्या. दिवाळीला चकतीचा वाटाही हातात पडला. मग काय, ज्यांना आधी नाव म्हणजे वेडेपणा वाटत होता तेही चकती मागू लागले. पारावर चकत्यांची देवघेव सुरू झाली. एका चकतीला एक दुभती शेळी, असा भाव फुटला.

पारावर सगळ्यांत आधी येऊन बसायचे ते गलमिशेबुवा. गालभर मिशा, म्हणून गावानं ठेवलेलं नाव. त्यांच्याकडे दोन चकत्या होत्या. पाण्याची त्यांना एवढी धास्ती की नावेत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. चकतीचा भाव मात्र दिवसातून दहादा विचारायचे.

एका भाद्रपदात नदीला लोंढा आला. नाव खडकावर आदळली आणि तळ फुटला. बातमी पारावर पोचली आणि एकच गलका झाला. सकाळी शेळीला जाणारी चकती दुपारी कोंबडीवर आली. दिवस कलायला लागला तसे लोक अंड्यांवर तयार होऊ लागले.

शेजारीण कोंबडी बगलेत मारून येसूपाशी आली. "घे ही, आणि चकती दे मला. जुनी ओळख म्हणून देतेय. उद्या कुणी पीस पण देणार नाही."

येसूनं कोंबडीकडे पाहिलं. शेळी तर गेलीच होती. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. पुन्हा ती पाटी, पुन्हा ते वाहतं पाणी आणि पायाखालचे निसरडे गोटे. तिचा हात कोंबडीकडे गेलासुद्धा. मग तिनं तो मागे घेतला.

"जरा धरून ठेव," ती म्हणाली, "मी नाव बघून येते."

पारावर हशा पिकला. "नाव काय बघायची? भाव तर इथं कळतोय!"

येसू गेली. बघते तर सगळं गाव पारावर, आणि नदीवर राणोजीशिवाय कुणी नाही. तो एकटाच नावेतलं पाणी उपसत होता.

"राणोजीदादा, मला खरं काय ते सांगा. लपवू नका. नाव गेली का?"

"गेली नाही, अक्का. तळाच्या तीन फळ्या गेल्या. कणा सागाचा आहे, शाबूत आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, हात लावून बघा."

येसू चिखलात गुडघे टेकून नावेखाली शिरली. एकेक वासा तिनं अंगठ्यानं दाबून पाहिला. कुठं मऊ लागेना. तेवढ्यात पलीकडून हाक आली, "ओ राणोजी! नाव कधी लावताय? सुनेला माहेरी पोचवायचंय!"

येसूच्या मनात आलं, फळ्या फुटल्या खऱ्या, पण माणसांचं येणं-जाणं कुठं थांबलंय?

"दुरुस्तीचं कसं?" तिनं विचारलं.

"यंदाच्या दिवाळीचा वाटा कुणी मागितला नाही, तर त्यातच होईल."

पोरांचे नवे कपडे येसूच्या डोळ्यांपुढे आले. "माझा सोडला," ती म्हणाली.

इतक्यात खांद्यावर करवत टाकून गलमिशेबुवा तरातरा उतरले. "माझे दोन हिस्से आहेत. माझ्या दोन फळ्या कापून घेतो. चुलीत तरी घालता येतील!"

राणोजीचा चेहरा पडला. येसूनं पदर खोचला.

"न्या की बुवा. मालक आहात, तुम्हाला कोण अडवणार? फक्त तुमच्या फळ्या कोणत्या, तेवढं दाखवा."

बुवांनी एक फळी चाचपली, सोडली. दुसरी धरली. "ह्या असतील."

"गेल्या दिवाळीच्या वाट्यातून तुम्ही धोतरजोडी आणलीत. तो वाटा ह्या दोन फळ्यांनी कमावला होता?"

"छे! तो तर... नावेनं कमावला."

"मग घरी नेल्यावर ह्या फळ्या काय कमावतील?"

करवत हळूच खांद्यावरून खाली आली.

"बुवा, हिस्सा म्हणजे तुकडा नव्हे. सगळ्या नावेत आपला वाटा आहे. सुकाणूत आहे, दोरात आहे, राणोजीदादांच्या कष्टात आहे. ती पलीकडून हाक येतेय ना, तिच्यातसुद्धा आहे. नाव चालली तर आपलं चालेल. बुडाली तर आपण घातलं तेवढं बुडेल, हेही खरं."

बुवांनी मिशांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "राणोजी, नव्या फळ्यांचं लाकूड कुठं ठेवलंयस?"

आणि नाव कापायला आणलेल्या त्याच करवतीनं नावेच्या नव्या फळ्या कापल्या गेल्या. आवाज ऐकून पारावरची माणसं एकेक करून नदीवर आली. त्यांनी आपल्या डोळ्यांनी नाव पाहिली आणि वाटा सोडला.

ती दिवाळी सुनी गेली. येसूच्या पोरांनी जुनेच कपडे घातले. पण देवदिवाळीला नाव पाण्यात उतरली, आणि पुढच्या दिवाळीला प्रत्येक चकतीला घसघशीत वाटा मिळाला. गलमिशेबुवा, डोळे गच्च मिटून का होईना, पहिल्यांदा नावेत बसले.

शेजारणीनं एकदा येसूला विचारलंच, "आणि कणा कुजका निघाला असता तर गं?"

"तर गेलेल्या शेळीसाठी रडले असते, आणि दुसरीचं दूध काढायला बसले असते," येसू म्हणाली. "पण नाव न बघता रडले नसते."

तात्पर्य एवढंच: हिस्सा घेतला की आपण मालक होतो, आणि मालकानं पारावरचा भाव ऐकण्याआधी नदीवर जाऊन आपली नाव बघावी.