हिवराईच्या शेल्याची तांबडी रेघ

हिवराईचा डोंगर आपण पायथ्यावरून पाहिलात, तेव्हा माथ्याच्या जरा खाली धुक्याचा एक पांढरा पट्टा त्याला वेढून बसलेला दिसला असेल. थंडीच्या दिवसांत सकाळी तो तिथे असतोच; उन्हे वर आली की विरतो. आमच्या सावळदरीत त्याला कोणी धुके म्हणत नाही. 'आईने शेला घेतला' असे म्हणतात, आणि मगच काकडआरतीची घंटा होते.

देवळाबाहेर गणपा कोष्ट्याचे दुकान आहे. मघाशी आपल्यातल्या या ताईंनी तिथे एक शेला उलगडला, बोटांनी चाचपला आणि हळूच म्हणाल्या, "दादा, दुसरा दाखवा ना. यात एक तांबडा धागा चुकून आलाय."

गणपा हसला. "ताई, दुकानातले सगळे उलगडा. तो धागा नसेल तर शेला आमच्या गावचा नव्हेच. वर अप्पा बसलेत, त्यांना विचारा. पण सवडीनं विचारा. ते आखूड सांगत नाहीत."

तो अप्पा मीच, आणि त्याचे म्हणणे खरे आहे. तेव्हा बसा. पायरी गार आहे, खाली काहीतरी घ्या.

फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा या देवळाला भिंती नव्हत्या, कळस नव्हता. हिवराच्या झाडाखाली दगडी चौथरा आणि त्यावर हिवराई देवीची ही काळ्या पाषाणाची मूर्ती, एवढेच होते असे सांगतात. खाली गावात कोष्ट्यांची घरे होती आणि घरोघर माग चालत. त्यांपैकी निंबाजी कोष्ट्याच्या घरी येसू नावाची मुलगी होती. विणण्याआधी सुताला तांदळाची खळ लावतात, ती चुलीवर उकळत ठेवावी लागते. येसू रांगत होती तेव्हा ती उकळती खळ तिच्या अंगावर सांडली. जीव वाचला, पण हनुवटीच्या खाली, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, कातडी ओढल्यासारखा डाग कायमचा राहिला.

तेव्हापासून येसूच्या गळ्याभोवती फडके असे. उन्हाळ्यातही असे. पाणवठ्यावर बायका विचारत, "येसू, गळ्यात काय पुरलंयस गं? मोहरा?" ती हसून घागर उचलायची आणि वाटेत कोणाशी न बोलता घरी यायची. एकदा तिला पाहायला पाहुणे आले. रूप चांगले, हात तर गावात नावाजलेला. मुलाच्या आत्याने मात्र बसल्या जागेवरून सांगितले, "गळ्याचं फडकं काढ बघू, पोरी." येसूने काढले. पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले.

त्यानंतर येसूने स्वतःसाठी शेला विणायला घेतला. बापाच्या मागावर उरणारी सुताची टोके ती जपून ठेवी, जोडी, आणि घरचे काम आवरले की बसे. सूत इतके तलम की विणलेला भाग मुठीत मावावा. पुन्हा कोणी पाहायला आले तर फडके दिसू नये, शेला दिसावा. शेला इतका देखणा असावा की त्याखाली काय आहे हे विचारण्याचे कोणाला सुचूच नये, अशी तिची इच्छा होती. त्या इच्छेत वावगे काही नव्हते. माणसाने गळ्याला वस्त्र गुंडाळले ते आधी थंडीवाऱ्यासाठी, पण दुसऱ्याच दिवशी त्याने पाण्यात आपले रूप पाहिले असणार, असे मला नेहमी वाटते.

रोज पहाटे येसू डोंगर चढून देवीसमोर सडा घाली. तिथे दुसरे कोणी नसे, म्हणून तेवढा वेळ ती फडके सोडून ठेवी. ते पाहुणे सोडले, तर घराबाहेर तिचा उघडा गळा पाहिलेली देवी एकटीच होती.

एका वर्षी मार्गशीर्षात असे हिव पडले की ओढ्याच्या काठचे दव दगडासारखे गोठले. देवीच्या पूजेला सटवाजी गुरव होता. भोळा, वयाने थकलेला, आईवर जीव टाकणारा. आपल्याला एवढे हिव वाजते, मग उघड्यावर उभ्या असलेल्या आईचे काय होत असेल, असे त्याच्या मनात आले. त्याने पाणी उकळले आणि त्या गारठलेल्या पाषाणावर कढतच ओतले. तडकन आवाज झाला. मूर्तीच्या गळ्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत तडा गेला.

म्हातारा चौथऱ्यावर डोके आपटून रडला. पण रडून काय होते? भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये असे शास्त्र आहे. गाव जमला, जाणत्यांना विचारून झाले, आणि पौर्णिमेच्या सकाळी मूर्ती वाजतगाजत नेऊन खालच्या डोहात सोडायची आणि नवी घडवायची, असे ठरले. कोणाच्या मनात पाप नव्हते. आईविषयी अनादर नव्हता. रीत होती, ती पाळायची होती.

येसूने हे ऐकले आणि ती मागावर जाऊन बसली. पौर्णिमेच्या पहाटेपर्यंत शेला पुरा होत आला. शेवटचा पदर तेवढा राहिला असताना तिने ताण्यातून फिरणाऱ्या धोट्यातली पांढऱ्या सुताची कांडी काढली आणि लुगड्याच्या काठासाठी भरून ठेवलेली तांबडी घातली. निंबाजी पाहत होता. तो म्हणाला, "अगं, हे काय करतेस? एवढं दुधासारखं वस्त्र, त्यात ही रेघ कशाला? उगाच दोष दिसेल."

"दिसू दे, बाबा."

"पण झाकायलाच विणलास ना?"

येसूने ताण्यातून धोटा पलीकडे फेकला आणि ती म्हणाली, "पांघरूण घालायचंय, बाबा. लपवायचं नाही."

तांबडी रेघ पुरी झाल्यावर तिने पुन्हा पांढरी कांडी घातली, उरलेला पदर विणला आणि शेला मागावरून उतरवला. मग गळ्याचे फडके सोडून ते मागाच्या खुंटीला अडकवले आणि शेला दोन्ही हातांवर घेऊन ती तशीच डोंगर चढली.

वर सगळा गाव उभा होता. हलगी वाजत होती. मूर्ती उचलायला माणसे पुढे झाली होती. येसू येताना दिसली आणि हलगी आपोआप थांबली, असे सांगतात. तिचा गळा गाव पहिल्यांदा पाहत होता.

पाटील म्हणाले, "येसू, बाजूला हो. मुहूर्त टळेल."

"पाटीलबाबा, एक विचारते, मग होते. कढत पाण्यानं आईचा गळा पोळला. माझा कढत खळीनं पोळला. मला कोणी डोहात नेऊन सोडलं नाही. मग तिलाच का?"

"तू माणूस आहेस, पोरी. ती देव आहे. देवाला वेगळी रीत."

"माणसाला सांभाळता आणि देवाला टाकता, ही कसली रीत, बाबा?"

येसू चौथऱ्यावर चढली आणि तिने तो शेला देवीच्या गळ्याभोवती घेऊन पदर पुढे असा सोडला, की तांबडी रेघ बरोबर तड्यावर बसली. मग ती उतरून बाजूला उभी राहिली, उघड्या गळ्याने, हिवात.

पुढे काय झाले हे दोन तऱ्हांनी सांगतात. काही म्हणतात, उचलायला गेलेल्यांकडून मूर्ती हललीच नाही. आई जड झाली. माझे आजोबा म्हणत, मूर्ती होती तेवढीच होती, उचलणाऱ्यांचे हात जड झाले. मला दोन्हींत फरक दिसत नाही. हात जड करणारी तरी दुसरी कोण असणार? एवढे मात्र दोघेही सांगतात, की त्याच वेळी दरीतून धुके वर आले आणि माथ्याच्या खाली डोंगराला वेढा घालून थांबले. खाली गावात राहिलेल्या म्हाताऱ्या अंगणात येऊन म्हणाल्या म्हणे, "बघा गं, डोंगरानंही शेला घेतला."

सगळ्यांत आधी सटवाजी गुरव भानावर आला. त्याने आपले उपरणे काढले आणि येसूच्या गळ्यात घातले. "माझ्या चुकीवर तू पांघरूण घातलंस, बाई," एवढेच तो बोलला. पाटलांनी आपला शेला उतरवून चौथऱ्यावर ठेवला. त्यांच्यामागून सगळा गाव गळ्यावरची उपरणी, पंचे उतरवत, पदर मागे सारत पुढे झाला. मूर्ती जागची हलली नाही. आज आपण जिला हात जोडलेत, ती तीच.

त्या दिवसापासून पाणवठ्यावरच्या बायकाच येसूकडे येऊ लागल्या. "आईला घातलास तसा मला विणून दे." आधी भक्तीने आल्या, नंतर हौसेने, आणि त्यात वाईट काही नाही. देवाच्या अंगावर जे शोभले ते आपल्याही अंगावर शोभावे, असे माणसाला वाटणारच. व्यापारी आले, शेले बैलांवर लादून घाटाखाली गेले. कोणी ते डोक्याला बांधले, कोणी कमरेला, कोणी लग्नात वराच्या खांद्यावर टाकले. लुगडे गेले, सहावारी आली, तीही जाऊन मुली आता कुडता घालतात. पण गळ्याभोवतीचे हे हातभर रुंदीचे वस्त्र काही गेले नाही. कधी त्याला ओढणी म्हणाले, कधी मफलर, आता स्कार्फ म्हणतात. वाऱ्यावर फडफडले की साधा माणूसही क्षणभर राजबिंडा दिसतो, आणि कोणी मायेने गळ्यात घातले की राजासुद्धा लेकरू दिसतो. इतक्या थोड्या कापडात एवढे देणारे दुसरे वस्त्र मला ठाऊक नाही. संतांनी देवाला विणकर म्हटले, ते उगाच नव्हे.

येसूचे लग्न झाले का, हे कोणीतरी विचारतेच. या ताईंच्या ओठांवरही तेच आलेले दिसते. झाले म्हणतात. पाहायला आलेल्या मुलाने गळा दाखव म्हटले नाही, "हा शेला कुणी विणला?" एवढेच विचारले. तो स्वतः कोष्टी होता.

लग्नासाठी येसूने स्वतःचा दुसरा शेला विणला, तोही तांबड्या रेघेचा.

आजही गुरवाच्या घराण्यातला माणूस देवीला स्नान घालण्याआधी पहिला तांब्या आपल्याच गळ्यावर ओतून पाहतो. आजही मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला आईचा शेला उतरवून तडा सगळ्यांना दाखवतात, आणि त्या सकाळी या डोंगरावर एकही गळा झाकलेला नसतो. पाटलांचा नाही, नव्या सुनेचा नाही. मग नवा शेला चढतो. आणि आजही, माग विजेवर चालू लागले तरी, शेवटचा पदर आला की कोष्टी यंत्र थांबवतो, कांडी बदलतो आणि तेवढी एक रेघ हाताने भरतो.

ताई, आपण शेला घेतलातच, तर घालताना रेघ मागे मानेवर घ्यायची की पुढे गळ्यावर, हे आपले आपण ठरवावे. तसा नियम नाही. येसूने मात्र लग्नाच्या दिवशी पुढे घेतली होती, आणि तेव्हापासून सावळदरीत ती कोणी मागे घेतलेली नाही.