वेताचा वास

त्या राज्यात पाणी एकाच पाटानं खेळायचं आणि ते गाळायला वेताच्या दोन गाळण्या होत्या, थोरली आणि धाकटी. कचरा खाली सोडायचा आणि पाण्याबरोबर येणारे दाणे आत राखायचे, एवढंच त्यांचं काम. वेशीवर राखणीला कुत्री होती. रोज सकाळी चिचुंदरी त्यांना आपल्या हंड्यांतल्या चिंध्या हुंगवायची. प्रत्येक चिंधीला एकेका चोराचा वास. तो वास जिथं येईल तिथं कुत्र्यांनी तुटून पडायचं, अशी तिथली रीत होती.

एकदा एक चोर वेताच्या टोपलीत लपून आत शिरला. कुत्र्यांनी त्याचा फडशा पाडला. चिचुंदरी त्याचा वास टिपायला धावली खरी, पण घाईघाईत तिनं चिंधी घासली ती टोपलीवर.

झालं! दुसऱ्या दिवसापासून ही इमानी कुत्री गाळण्यांनाच फाडू लागली. दाणे वाहून जाऊ लागले, पाटाच्या टोकाला फेस चढला. थोरली तर फाटून पार निकामी झाली. धाकटी कळवळून म्हणायची, "अरे झुंजार, मी रे! तू पितोस ते पाणी मीच गाळते ना?" कुत्र्यांचा म्होरक्या झुंजार कान पाडून ऐकायचा. पण वास नाकात शिरला की त्याचे दात काही थांबत नसत.

धाकटी गेली तर सगळंच संपलं, हे पंचांना कळत होतं. त्यांनी सगळी कुत्री साखळीला बांधली. गाळणी वाचली, पण वेस उघडी पडली आणि चोरांचं चांगलंच फावलं. कुत्री सोडावीत, तर पुन्हा तेच!

शेवटी म्हाताऱ्या कासववैद्याला बोलावलं. त्यानं आधी चिचुंदरीचं घर गाठलं. "काय गं बाई, सकाळी कुत्र्यांना हुंगवतेस तरी काय?"

तिनं मोठ्या ऐटीत हंड्या दाखवल्या. वैद्यानं एकेक हुंगली आणि एकीपाशी तो थबकला.

"ही कुणाची?"

"टोपलीतल्या चोराची."

"चोराची कुठली! ही तर टोपलीच्या वेताची."

चिचुंदरीनं हंडीत नाक खुपसलं. "अगं बाई! म्हणजे थोरलीला मीच घालवलं?"

वैद्यानं तेवढी एक हंडी पालथी केली. बाकीच्या जागच्या जागी राहू दिल्या.

नाकातला वास काही लगेच जात नाही. कुत्री बरेच दिवस साखळीलाच गुरगुरत राहिली, मग सोडल्यावर नुसतीच हुंगून पुढं जाऊ लागली. फेस हळूहळू ओसरला. धाकटीच्या फाटलेल्या कडा मात्र तशाच राहिल्या.

एका दुपारी झुंजार तिच्याकडे आला. तिनं अंग चोरून घेतलं. त्यानं तिला हुंगलं, आणखी एकदा हुंगलं, आणि तिथंच बैठक मारली, पाठ तिला टेकवून, तोंड वेशीकडे करून.