उंदराचं नवं बीळ

जंगल संपून शेतं सुरू होतात, तिथल्या बांधात एक उंदीर, त्याची उंदरीण आणि त्यांची पाच पिल्लं राहत असत. बीळ इतकं अरुंद होतं, की एकाने कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागे. सुगी नुकतीच संपली होती. पुढच्या उन्हाळ्यात शेतं ओस पडतात, म्हणून उंदरिणीने ज्वारी आणि भुईमुगाच्या शेंगा भरपूर साठवल्या होत्या. तो साठा पाहून एक दिवस उंदीर म्हणाला, "यातलं थोडं खर्चून आपण नवं घर बांधू."

मुलांनो, इथवर त्याचं काही चुकलं नव्हतं. खणण्यात तरबेज अशी एक घूस जवळच राहत असे. उंदीर तिच्याकडे गेला. तिने जागा पाहिली, माती उकरून पाहिली आणि म्हणाली, "तुमचा अर्धा साठा लागेल. खाली मुरूम लागला तर त्याहून जास्त. आत गवत घालायचं, मागून पळवाट काढायची, तेही धरा." उंदराला हे मुळीच रुचलं नाही. वाटेत त्याला खार भेटली. तिला विचारलं, तर ती सहज म्हणाली, "मला तर मूठभर शेंगांत घर झालं." उंदीर उड्या मारतच घरी आला. उंदरीण म्हणाली, "अहो, ती झाडाच्या आयत्या ढोलीत राहते. तिने खणलं काय?" उंदीर म्हणाला, "तू नेहमी अडचणीच शोधतेस. मूठभर नाही, तर दोन मुठी लागतील."

त्याने घुशीला कामाला लावलं. चारच दिवसांत मुरूम लागला आणि घुशीने जास्त मजुरी मागितली. उंदीर म्हणाला, "थोडंच तर आहे." मग त्याला वाटलं, धान्याची खोली जरा मोठी हवी. मग पाहुण्यांसाठी एक खोली हवी, तीही ऐसपैस. दर वेळी तो साठ्यातून ज्वारी नि शेंगा काढी आणि दर वेळी म्हणे, "थोडंच तर आहे." उंदरीण वैतागून म्हणाली, "तो शब्द आता माझ्यापुढे काढू नका. थोडं थोडं करत कणगी तळाला गेली. आणि पाहुणे कोण येणार आहेत? आपल्याकडे येतं कोण?" उंदराने तरीही खोलीचं काम काही थांबवलं नाही. शेवटी सगळा साठा संपला तेव्हा घरात तीन प्रशस्त खोल्या होत्या आणि पळवाट नव्हती. उंदीर घुशीला म्हणाला, "घूसताई, तेवढी पळवाट काढून द्या. मजुरी पुढच्या सुगीत देतो." घूस अंगावरची माती झटकत म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझीही पिल्लं आहेत. ती पुढच्या सुगीपर्यंत काय खातील?" आणि ती निघून गेली.

उंदीर तरीही म्हणाला, "चला, राहायला जाऊ. पळवाटेचं नंतर बघू." उंदरिणीने पिल्लांना पोटाशी घेतलं. "समोरून धामण आत शिरली तर मी यांना घेऊन कुठून पळू? पाहुण्यांच्या खोलीतून?" सगळा उन्हाळा त्यांनी जुन्याच बिळात काढला, तोही अर्धपोटी. सकाळी दोघं वाळलेल्या शेतात मुळं शोधत आणि संध्याकाळी नव्या घरात पळवाटेसाठी आपल्या इवल्या पंजांनी मुरूम खरवडत. निघालेली माती बाहेर नेण्याचं त्राण उरलं नव्हतं, म्हणून ती पाहुण्यांच्या खोलीत टाकत गेले आणि ती खोली छतापर्यंत भरली. "एवढी मोठी खोली कोणी मातीसाठी बांधतं का?" असं धाकट्या पिल्लाने विचारलं, तेव्हा उंदरीण म्हणाली, "बाबांना विचार." बाबा मुरूम खरवडत राहिले.

पाऊस पडून शेतात नवी कणसं भरू लागली तेव्हा कुठे पळवाट झाली. उंदरीण एकटी तिच्यातून बाहेर गेली, परत आत आली, पुन्हा एकदा जाऊन आली आणि मगच तिने पिल्लांना हाक मारली. उंदीर दारात उभा राहून घराकडे कौतुकाने पाहत होता. तो काही बोलणार, तोच ती म्हणाली, "आता बोलू नका. आधी दाणे आणा. पिल्लं कालपासून उपाशी आहेत." तो मुकाट्याने शेताकडे गेला.

तात्पर्य : घराला किती खर्च येईल हे ते घर ठरवतं, आपली हौस नाही. जो आकडा ऐकून बरं वाटतं तो धरून चालणारा स्वतःबरोबर घरच्यांनाही उपाशी ठेवतो.