गाडीमागे एक दगड

बैलांच्या घुंगरांवरून कोणाची गाडी आली ते ओळखता यायचं, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका राज्यात एक उंच घाट होता. घाटमाथ्यावर एक छोटं गाव होतं. त्या गावाला मीठ आणि धान्य खालूनच यायचं.

या घाटाची एक रीत होती. चढणारा प्रत्येक गाडीवान पायथ्याच्या ओढ्यातला एक दगड गाडीत टाकी. वाटेत जिथे खड्डा दिसेल तिथे तो ठोकून बसवी आणि मगच पुढे जाई. त्या ठोकण्याचा आवाज माथ्यावर ऐकू आला, की बायका एकमेकींना हाक मारत, "मीठ आलं गं!" किती गोड दिवस होते ते!

एका वर्षी दरड कोसळली आणि रस्ता खचला. राजाने तो नव्याने बांधायचं ठरवलं. प्रधानाने अंदाज मांडला. इतके मजूर, इतका चुना, इतका मुरूम.

"आणि पुढच्या देखभालीचं काय?" राजाने विचारलं.

प्रधानाने जुनी दप्तरं चाळली. "शंभर वर्षांत या घाटावर एक दमडीही खर्च पडलेली नाही, महाराज. पुढेही पडणार नाही."

माथ्यावरच्या गावचा एक म्हातारा गाडीवान दरबारात उभा होता. तो चाचरत म्हणाला, "महाराज, वर्षाला हजार गाड्या चढतात. म्हणजे हजार दगड. ते प्रधानजींनी धरले का?"

प्रधान हसला. "आजोबा, बारशालाच पोराच्या म्हातारपणाची काठी आणून ठेवता की काय?"

सगळा दरबार हसला. म्हातारा खाली बघत म्हणाला, "रस्ता चांगला झाला की गाड्या वाढतील. दगडही जास्त लागतील. नाही बसवले, तर आमच्या गावाचं मीठ तुटेल."

कोणी मनावर घेतलं नाही. रस्ता झाला, आणि फार देखणा झाला. त्यावर ओबडधोबड दगड शोभेनात, म्हणून प्रधानाने ते बसवायला बंदीच केली.

गाड्या तिप्पट झाल्या. तिसऱ्या वर्षी खोल चाकोऱ्या पडल्या. चौथ्या पावसाळ्यात त्यांतून पाणी घुसलं आणि अर्धा रस्ता दरीत गेला.

राजा स्वतः घाटाखाली आला. म्हातारा गाडीवानही पायवाटेने उतरून तिथे आला होता. "आजोबा, सगळ्यांना पुन्हा दगड आणायला सांगा."

"सांगून बघितलं, महाराज. नवे गाडीवान म्हणतात, रस्ता राजाचा, दगड आम्ही का वाहायचे? आणि माझ्याबरोबरचे जाणते तर आता राहिले नाहीत."

राजाने तिजोरी उघडली. पण मजूर जमेपर्यंत दोन पावसाळे गेले. पायी डोक्यावरून चढवलेलं मीठ-धान्य पुरेना. मिठावाचून गाव किती दिवस राहणार? पायवाटेने एकेक घर खाली उतरलं. सगळ्यात शेवटी म्हातारा उतरला. त्याच्या डोक्यावर देव होते आणि काखेत नातवाचा पाळणा.

रस्ता पुन्हा तयार झाला, तेव्हा वर जाणारं कोणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: कोणतंही काम नव्याने उभारताना ते पुढे कोण सांभाळणार आणि आजवर कोण न बोलता सांभाळत आलं, हे आधी मोजावं.