उंच वेलीची उतरण

एका गावात एक माणूस होता, तो दरवर्षी नव्याने जन्मायचा. निदान तो स्वतः तरी तसं सांगायचा. गाव ओढ्याकाठचं, पानमळ्यांचं आणि एका दगडी चर्चचं. माणसाचं नाव शांतवन. हे नाव ज्याने ठेवलं त्याने बाळ नीट पाहिलं नसावं, कारण शांतवनला एका जागी बसणं म्हणून ठाऊक नव्हतं.

त्याला प्रभूमध्ये वाढायचं होतं. त्यात ढोंग नव्हतं, मनापासून हवं होतं त्याला. म्हणून तो धावायचा. डोंगरावर उपवास-प्रार्थना असली की शांतवन तिथे. परगावी नवा वक्ता आला की शांतवन पहिल्या रांगेत. पुनरुत्थानाच्या सणाआधी, उपवासाच्या दिवसांत, गावाबाहेर संजीवन सभेचा मांडव पडायचा, कर्णे लागायचे, आणि शांतवन सगळ्यांच्या पुढे जाऊन गुडघ्यांवर कोसळायचा. रडायचा, थरथरायचा, उजळल्या तोंडाने घरी यायचा.

ओढ्यावर बायका त्याच्या बायकोला, सलोमीला, विचारायच्या, "काय गं, झाला का नवा तुझा नवरा?"

"झाला," सलोमी म्हणायची. "आता जुना कुठे ठेवू तेवढं सांगा."

कारण मांडव उठायचा आणि जुना परत यायचा. तोच पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याच्या अंगावर जाणारा, तोच भाजीतल्या मिठावरून ताट सरकवून उठणारा. मग शांतवन स्वतःच घाबरायचा. "आग विझली गं," म्हणायचा, आणि पुढचा मांडव कुठे आहे याची चौकशी करत सुटायचा.

शांतवनचा पानमळा गावात सगळ्यांत उंच होता. पानवेल झाडाच्या आधाराने वर चढते. ती जसजशी चढते तसं तिचं खालचं अंग उघडं पडतं, मुळं थकतात. म्हणून त्या गावचे लोक वर्षातून एकदा, ऊन तापायच्या आत, वेल आधारावरून सोडवून खाली घ्यायचे, बुंध्याशी गोल गुंडाळायचे आणि मातीत पुरायचे. शेंडा तेवढा बाहेर. पुरलेल्या पेराला नवी मुळं फुटायची आणि वेल नव्या जोमाने चढायची. याला ते उतरण म्हणत. उतरणीला दोघं लागतात. एक वर चढून वेलीचे बांध सोडणारा, दुसरा खाली वेल खांद्यावर झेलणारा. आणि दोघं एकाच घरचे, असा रिवाज. परक्याच्या हातून वेल मोडली तर कायमचं वैर, घरच्याच्या हातून मोडली तर नुसत्या शिव्या.

शांतवनची वेल झेलायचा त्याचा थोरला भाऊ आमोस. पण दोन उन्हाळे झाले, आमोस मळ्यात आला नव्हता आणि उतरण झाली नव्हती.

घडलं होतं ते मांडवातच. साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा शांतवनने रडत रडत माईक हातात घेतला होता. "माझ्या थोरल्या भावासाठी, आमोससाठी प्रार्थना करा. दारूने त्याचा घास घेतलाय!" मांडव हळहळला होता. वक्त्याने शांतवनच्या डोक्यावर हात ठेवून "केवढं हे बंधुप्रेम!" म्हटलं होतं. मागे बांबूला टेकून बसलेला आमोस उठला होता, भावाकडे एकदा बघून चालता झाला होता. त्यानंतर त्याने ना चर्चची पायरी चढली ना मळ्याचा बांध ओलांडला.

"सत्य बोचतं माणसाला," शांतवन म्हणाला होता.

प्रार्थनेच्या नावाखाली दुसऱ्याची लक्तरं कर्ण्यावरून वाळत घालायची आणि वर त्यालाच प्रेम म्हणायचं, ही रीत काही शांतवनने सुरू केली नव्हती. आजवर कुणी ती बंदही केलेली नाही.

यंदा मांडव मोठा होता आणि वक्ते नावाजलेले. गावात आल्याबरोबर त्यांना तो उंच मळा दिसला. ते मळ्यात आले, मान वर करून म्हणाले, "वा! असं वाढावं विश्वासणाऱ्याने! वर, वर, आणखी वर! शांतवन, उद्या संध्याकाळी व्यासपीठावर मोठी साक्ष तुमची."

शांतवनची छाती फुगली. वक्ते वर बघत होते. त्यांनी खाली पाहिलं असतं तर त्यांना दिसलं असतं, की वेलीचा बुंधा सुतळीसारखा वाळलाय, आणि शेंड्याची पानं करंगळीएवढी झालीत.

ते सलोमी रोज बघत होती. "अहो, पाणी घालून, खत घालून काही होणार नाही. ऊन चढतंय. यंदा उतरण नाही झाली तर मळा गेला म्हणून समजा."

"लोक लांबून बघायला येतात या वेली. त्या मातीत घालू?"

"मग बघू दे त्यांना सरपण."

त्या रात्री शांतवनला झोप नव्हती. पहाटे तो मुकाट्याने झाडावर चढला आणि सलोमी खाली उभी राहिली. पहिला बांध सुटला, दोन वर्षांची लांबलचक वेल एकदम खाली आली, सलोमीच्या हातून निसटली आणि मधोमध तुटली. शांतवन झाडावरून खाली उतरला.

"माझं बळ नाही पुरत," सलोमी म्हणाली. "कुणाकडे जायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षं ठाऊक आहे."

दिवसभर शांतवन घर ते मळा, मळा ते घर करत राहिला. ऊन कलल्यावर त्याने पांढरा सदरा घातला आणि मांडवाकडे निघाला. वाटेत आमोसचं घर. त्या घरासमोरून तो नेहमी झपझप पुढे जायचा. आज पाय अडले.

आमोस ओट्यावर डालगं विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "काय रे, आज कुणासाठी प्रार्थना?"

"दादा, उतरणीला ये. मळा चाललाय."

"गावात माणसं संपली?"

"संपली नाहीत. तू हवास."

"मी? दारुडा? वेल मोडीन की."

आमोसने डालगं बाजूला ठेवलं. "एक सांगू? तू माईक धरलास ना, त्याआधीच्या नाताळापासून मी थेंब घेतला नव्हता. कुणाला बोललो नव्हतो. म्हटलं, टिकलं तर सांगू. पहिलं तुलाच सांगणार होतो."

"मग... त्या दिवशी..."

"त्या दिवशी घरी आलो आणि प्यायलो. महिनाभर प्यायलो. परत सोडायला जीव गेला माझा. मी एकदा सोडली होती, शांतवन. तू कर्णे लावून परत पाजलीस."

"दादा, चुकलो. पाया पडतो."

"इथे कशाला पडतोस? इथे कोण बघतंय? डाग लावलास तिथे काढ."

लांबून कर्ण्यावर शांतवनचं नाव पुकारलं जात होतं.

मांडव खच्चून भरला होता. शांतवन व्यासपीठावर चढला. माईक हातात आल्यावर मनात नेहमीची वाक्यं रांगेने उभी राहिली. आग, तेज, विजय. एवढंच बोलून खाली उतरला असता तर टाळ्या ठरलेल्याच होत्या. भावाचं काय, पुढे कधीतरी बघता आलं असतं.

"दोन वर्षांपूर्वी मी याच जागी माझ्या भावाचं नाव घेतलं," तो म्हणाला. "त्याने दारू सोडली होती. मी विचारलं नाही. मला रडायला विषय हवा होता. तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्यात, आणि तो घरी जाऊन पुन्हा प्यायला. त्याने पुन्हा सोडली, तीही माझ्याशिवाय. दारुडा तो नव्हता. या मांडवाची नशा मला होती. दादा, ऐकू येत असेल तर, मी चुकलो."

कुणी हालेलुया म्हटलं नाही. वक्त्यांनी हळूच माईक काढून घेतला आणि गाणं सुरू केलं. शांतवन व्यासपीठावरून उतरला. या खेपेला त्याचं तोंड उजळलं नव्हतं, नुसतं घामेजलं होतं.

सकाळी तो मळ्यात गेला तेव्हा बांधावर एक माणूस वेल बांधायच्या लव्हाळ्याची पेंढी घेऊन बसला होता.

"कर्णे फार मोठे लावता तुम्ही," आमोस म्हणाला. "चढ. तोंड काय बघतोस?"

दोघांनी वेली उतरवल्या. काही मोडल्या, त्यावर शिव्याही झाल्या. वेली मातीखाली गेल्यावर तो उंच मळा उघडाबोडका दिसायला लागला. येणारे जाणारे म्हणाले, "अरेरे, शांतवन मातीत गेला!"

शांतवनला धीर कुठला! चार दिवस झाले नाहीत तोच तो कुदळ घेऊन निघाला. "दादा, जरा उकरून बघू? मुळं फुटली का?"

"बघ ना. मग पुर. मग परत उकर. आजवर तू तेच केलंस. अरे, प्रभू स्वतः वरून खाली आला, मातीत गेला आणि मगच उठला. त्याला उकरायला कुणी गेलं नव्हतं. तुला कसली घाई?"

शांतवनने कुदळ ठेवली. हात शिवशिवत होते, पण ठेवली.

पुनरुत्थानाच्या सणाला मातीबाहेरच्या शेंड्यांना नवे पोपटी फुटवे आले होते. फार नव्हते. पण पानं तळहाताएवढी होती.

ओढ्यावर बायकांनी सलोमीला छेडलं, "काय गं, यंदा झाला का नवा?"

"नाही बाई, जुनाच आहे. ताट सरकवून उठतो अजून. पण आता परत येऊन बसतो आणि चुकलं म्हणतो. कालच दोनदा बसला."

वर्ष फिरलं. मळा पुन्हा उंच झाला, मांडव पुन्हा पडला. सभेची माणसं शांतवनला न्यायला मळ्यात आली. यंदा आमोस वर चढला होता आणि शांतवन खाली उभा होता, खांद्यावर भली थोरली वेल घेऊन.

"एवढी चांगली चढलेली वेल! परत खाली आणता?"

"दरवर्षी," शांतवन म्हणाला. "चढलेल्यालाच उतरण लागते. खुरटलेल्याला..."

"प्रवचन नंतर!" वरून आमोस ओरडला. "वेल सोडतोय, झेल!"

आणि शांतवनने खांदा पुढे केला.

तात्पर्य, आणि ते मांडवात न जाणाऱ्यांनाही लागू आहे: मांडवात चढलेली आग मांडवाबरोबर उठून जाते. प्रभूमध्ये ज्याला टिकून वाढायचं असेल त्याने आपल्या उंचीवरून पुन्हा पुन्हा खाली यावं, ज्याला दुखावलं त्याच्या दारात आधी वाकावं, आणि मूळ धरेपर्यंत मातीत थांबावं.